जी पोर रडत नाही तिच्याविषयी

मी, ज्यांग बाओज्यू, वय एकसष्ट, राहणार शाच्याओ, मिन नदीच्या मुखाजवळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आयुष्यभर ते काम मीच केले. उद्या पुन्हा दवाखान्यात जायचे आहे, म्हणून आजच लिहिते.

१. माझे तीन खोल्यांचे घर, परसातल्या लोंगानच्या फळझाडासह, माझी शेजारीण श्यू कायमेई हिला द्यावे. ती माशाचे गोळे करून विकते. माझी नात श्याओमान, वय अकरा महिने, हिने तिच्याजवळच राहावे. मूल वारशात देता येत नाही हे मला ठाऊक आहे; म्हणून जे देता येते ते देते.

श्याओमान न्यूयॉर्कला जन्मली. तिचे आईबाप तिथे खानावळीत राबतात. गावातल्या इतर पोरांसारखीच तीही तीन महिन्यांची असताना ओळखीच्या बाईच्या हाती विमानाने आली. माझ्यानंतर तिला तालुक्याला, पैसे घेऊन पोरे सांभाळणाऱ्या फांगबाईकडे ठेवायचे असे माझा मुलगा श्यांगहोंग तिथून फोनवर म्हणतो.

"आई, सात पोरं आहेत तिच्याकडं, आणि एकसुद्धा रडत नाही!"

"तेच तर सांगतेय, मूर्खा!"

मी जाऊन पाहून आले. सात खाटा. मी जोरात टाळी वाजवली. एकही मान वळली नाही. ती शांतता मी ओळखते. ती मी घडवलेली आहे.

२. पत्र्याचा कर्णा माझ्याबरोबर पुरावा, तोंड खाली करून. अठ्ठावन्न साली मी कम्यूनच्या पाळणाघराची प्रमुख होते. "मूल आईचं नाही, सगळ्यांचं!" असे याच कर्ण्यातून गर्जत होते. दुपारी आया पाजायला येत, त्या परतताना पोरे रडत, म्हणून मी आयांनाच दार बंद केले. सर्वांत आधी माझा सात महिन्यांचा श्यांगहोंग तिथे ठेवला. तो बारा दिवस रडला. तेराव्या दिवशी गप्प झाला. मी व्यासपीठावर त्याच्या छातीला कागदी लाल फूल लावले: शहाणे मूल! त्याने माझ्याकडे पाहिले, भिंतीकडे पाहावे तसे. लोकहो, रडणारे मूल कोणाची तरी वाट पाहत असते. त्याने वाट पाहणे सोडले, आणि मी टाळ्या वाजवायला लावल्या!

३. ते फूल पेटीत आहे. ते श्यांगहोंगला द्यावे. त्याच्यावर माझा राग नाही. तो घर सोडून गेला तेव्हा मागे वळला नाही. ते मीच शिकवले होते.

४. फांगबाईला माझ्या अंत्यविधीच्या जेवणालाही बोलावू नये. गेल्या महिन्यात मी नऊ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा श्याओमान तिच्याकडे होती. परत आले तर पोरीने माझ्याकडे तसेच पाहिले. भिंतीकडे पाहावे तसे. कायमेईने तिला पाठीला बांधले आणि चार दिवस तशीच मासे कुटत राहिली. पाचव्या दिवशी पाणी आणायला तिला खाली ठेवले, तर पोरीने टाहो फोडला.

"रडू दे गं, रडू दे!" मी ओरडले.

"मावशी, अख्खं गाव ओरडून कामाला लावलंत, आता नात गादी चालवणार म्हणा की!"

५. सून लानफांग लेकीला न्यायला आली तर तिने या घरात कायमेईबरोबर राहावे. ती खोलीबाहेर गेल्यावर ज्या दिवशी मूल रडेल, त्या दिवशी न्यावे. आधी नाही. मग तीन महिने लागोत की तीन वर्षे.

६. माझ्या अंत्यविधीत श्याओमान कायमेईच्या पाठीवर असावी. रडली तर कोणी खाऊ देऊन गप्प करू नये. गप्प राहिली तर शवपेटी थांबवा. आधी तिच्याकडे बघा.

कायमेई बाजारात गेली त्याला अर्धा तास झाला. श्याओमान दाराकडे पाहत बसली आहे. साक्षीला आलेले डॉक्टर म्हणतात, "सही करा, मावशी." ती रडेपर्यंत मी थांबले आहे.

ज्यांग बाओज्यू
शाच्याओ, ९ एप्रिल १९९६

साक्षीदार: डॉ. पान योंगशी
साक्षीदार: वेंग दाओचिंग, निवृत्त शिक्षक. बाईंनी तासभर वाट पाहून, शुद्धीत, आमच्यासमोर सही केली. तोपर्यंत मूल रडले नव्हते; नजर मात्र दारावरच होती.