शहाण्णव सुंदर मेली आहे

लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली

तीर्थरूप अहिल्याआत्या,

दिल्लीहून परीक्षितचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे सध्या सहाच अंगं टेकतात, उरलेली दोन मनाने टेकली असं समजावं). साताऱ्यात थंडी पडली असेल. तुमचा दमा कसा आहे, आणि विनयाने आणलेलं वाफेचं यंत्र तुम्ही वापरता की लेकीचं मन राखायला नुसतं पुसून ठेवता, ते कळवावं. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे भाऊसाहेबकाका गेल्यापासून आम्ही खुशाल नाही, आणि भाऊसाहेबही खुशाल नाहीत.

तुम्ही दहाव्याला आला नाहीत, त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. विनयाच्या लग्नापासून तुमचं आणि तुमच्या भावाचं बोलणं नव्हतं, हे आख्ख्या भावकीला माहीत आहे. पण तिथे काय झालं ते तुम्हाला कळलंच पाहिजे. कावळा शिवला नाही. दिल्लीत हल्ली कावळा शोधावा लागतो, पण त्या सकाळी यमुनेच्या घाटावर, धुरक्यात सूर्य नुसता पांढरा ठिपका होऊन लटकलेला असताना, समोरच्या तारेवर कावळ्यांची रांगच्या रांग बसली होती आणि त्यातला एकही ओरडत नव्हता. सगळे पिंडाकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मी हात जोडून एकेक वचन देत गेलो: तुमची पुस्तकं रद्दीत घालणार नाही, तुमच्या खोलीत भाडेकरू ठेवणार नाही (सरकारी क्वार्टरमध्ये तो ठेवताही येत नाही, पण अशा वेळी माणूस नियम बघत नाही), रोज फिरायला जाईन, वृंदाशी वाद घालणार नाही. या शेवटच्या वचनावर एक कावळा उडून गेला. मग पहाडगंजच्या गुरुजींनी रिवाजाप्रमाणे दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आत्या, मी शपथेवर सांगतो, त्या गवताच्या कावळ्याने तोंड फिरवलं. गुरुजींनी ते दोनदा सरळ केलं, दोनदा ते फिरलं. गुरुजी दक्षिणा न मोजता गेले, त्यावरून प्रसंग ओळखावा.

घरी आल्यावर वृंदा म्हणाली, जीव बाटल्यांत अडकलाय. तुम्हाला ठाऊक आहे, भाऊसाहेब आपल्या पॅरिसच्या वकिलातीत हिशेब बघत. न लग्न, न घरदार. पगारातून आणि पुढे पेन्शनीतून उरेल त्याच्या त्यांनी शॅम्पेनी घेतल्या, आणि साध्यासुध्या नाहीत, ज्याला तिकडे ‘प्रेस्टीज’ म्हणतात त्यातल्या (वृंदाला पहिली दोन वर्षं वाटायचं की काकांच्या खोलीत कुकर आहेत). अशी शॅम्पेन फक्त चांगल्या सालच्याच द्राक्षांची करतात आणि वर्षानुवर्षं तळघरात झोपवतात. आमच्याकडे तळघर नाही, म्हणून त्यांच्या खोलीला एसी लागला. मे महिन्यात बाटल्या गारव्यात आडव्या आणि आम्ही बाहेर कूलरपुढे उभे, अशी आमची वर्षं गेली. शेवटी तीन उरल्या होत्या: १९९६, २००३ आणि २००८.

त्यातली कुठली उघडायची, हे विचारायला वृंदाच्या धाकट्या भावाला, अनुरागला बोलावलं. तो गुरुग्रामच्या एका मोठ्या हॉटेलात लोकांनी कुठल्या पदार्थाबरोबर काय प्यावं ते सांगायचा पगार घेतो. मुलगा जन्मापासून दिल्लीत, त्यामुळे मराठीत जरा कच्चा. वृंदाने त्याला समजावलं की लोणचं मुरतं तशी शॅम्पेन मुरते. त्याने तो शब्द उचलला, पण उकार तिथेच ठेवला. मग आमच्या हॉलमध्ये, भाऊसाहेबांच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, “जिजू, शहाण्णव बिल्कुल सुंदर मेली आहे. दोन हजार तीनला मरताच आलं नाही यार. आणि आठला हात नका लावू, तिला नीट मरायला अजून पंधरा वर्षं पाहिजेत.” आम्ही हसलो, आणि मग तिघांनीही एकदम फोटोकडे पाहिलं. मला तेव्हाच कळून चुकलं की भाऊसाहेब मेले आहेत, पण अजून मुरलेले नाहीत.

अनुरागचं म्हणणं थोडक्यात असं. २००३ला फ्रान्समध्ये भयंकर उन्हाळा झाला, द्राक्षं लवकर पिकली, त्यांत आंबटपणा राहिला नाही, आणि आंबटपणा नसला की शॅम्पेन टिकत नाही. म्हणून ती तिघींत सगळ्यात स्वस्त. शहाण्णवला गोडी आणि आंबटपणा दोन्ही सणसणीत, म्हणून ती आजही ताठ उभी आहे, आणि किंमत लाखाच्या वर. २००८चा उन्हाळा थंड होता, ती अजून लहान मुलीसारखी फटकून वागते, पण जितकी थांबेल तितकी महाग होईल. घेणारं गिऱ्हाईक तयार आहे, असंही तो हळूच म्हणाला. त्याच क्षणी खोलीतला एसी आपोआप सुरू झाला. आमचा एसी सोळाच्या खाली जात नाही. त्याच्यावर बारा आकडा दिसत होता, आणि बारा म्हणजे तळघराचं हवामान, असं अनुरागनेच पांढऱ्या ओठांनी सांगितलं. प्लग मी दहाव्यालाच काढून ठेवला होता.

दुसऱ्या दिवसापासून बाल्कनीच्या कठड्यावर एक कावळा येऊ लागला. मी भाताचा पिंड ठेवला आणि शेजारी वाटीत २००३ ओतली (आधी स्वस्त, हा मध्यमवर्गीय हिशेब मेलेल्या माणसापुढेही सुटत नाही). कावळ्याने चोच बुडवली, मान झटकली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं भाऊसाहेब मी आणलेल्या भाजीकडे पाहत. नंतर शहाण्णव ओतली. त्याने मान तिरकी करून आधी वास घेतला, डोळे मिटले, एक घोट घेऊन किती तरी वेळ तसाच बसला, आणि वाटीच्या कडेवर चोचीने दोनदा टक् टक् केलं. भाऊसाहेब अंगठी पेल्यावर अशीच वाजवत. वृंदा आत जाऊन देवापुढे बसली. पण भाताला मात्र त्याने चोच लावली नाही (जिवंतपणीही त्यांचं जेवण असंच असायचं, पिणं पूर्ण आणि पान तसंच). त्या वाटीतले बुडबुडे आजही वर येताहेत. अनुराग म्हणतो, उघडी शॅम्पेन दोन-चार तासांत बसते, हे शक्यच नाही. तेव्हापासून तो आमच्याकडे येत नाही, नुसते फोन करतो. वृंदाचा तर माझ्या सगळ्या खुलाशांवरचा विश्वास पानिपतात गेला (पानिपत इथून जवळच आहे, चादरी फार स्वस्त मिळतात, तुम्हाला हव्या असल्या तर कळवा). घरात कुणी पाव भाजलेला नसताना दुपारी भाजलेल्या पावाचा वास येतो. जुन्या शॅम्पेनला तसाच वास असतो म्हणे.

तर सांगायची गोष्ट ही की, काल दुपारी कावळा अखेर शिवला. शीतही ठेवलं नाही. एवढंच कळवण्यासाठी हे पत्र. तब्येतीला जपावं, विनयाला आशीर्वाद.

तुमचा, आणि सध्या कावळ्याचाही, आज्ञाधारक भाचा,
परीक्षित

ता. क. तो कसा शिवला ते लिहायचं राहिलं. मी वैतागून म्हणालो, आता काय साताऱ्याहून अहिल्याआत्यालाच बोलावू का, बाटली उघडायला? म्हणताक्षणी तो खाली उतरला आणि जेवला. शब्द गेला आहे, आत्या. तुम्हाला यावं लागेल आणि २००८ तुमच्या हाताने उघडावी लागेल. अनुराग म्हणतो पंधरा वर्षं थांबा, पण तुम्ही ब्याऐंशीच्या आहात आणि तुमचा राग मात्र पुरेसा मुरलेला आहे. एक घोट घ्या. दम्याला चालते की नाही, हे मी डॉक्टरांना मुद्दाम विचारलेलं नाही.

ता. क. दुसरा. विनयाच्या लग्नात भाऊसाहेबांनी मांडवातच शॅम्पेन फोडली, बूच व्याह्यांच्या फेट्याला लागलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. त्यांनी ते पाळलं. साताऱ्यात आले तरी लॉजवर राहिले. शेवटच्या आजारात ते मला अहिल्या म्हणून हाक मारत. मी ओ देत असे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात वृंदा बोलवायला आली. कावळा सकाळपासून आलेला नाही. एसी बंद आहे. खोलीचं कुलूप जसंच्या तसं, पण २००८ जागेवर नाही. तेव्हा तुम्ही निघू नका, घरीच थांबा. दारात बाटली दिसली तर उभी ठेवू नका, अंधारात आडवी ठेवा. मनाई पावलाची होती. कावळ्याचं पाऊल त्यात धरायचं की नाही, ते मात्र तुमचं तुम्हीच ठरवा.