जॉब कार्डावरील आठवी ओळ

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
वाहन विमा विभाग.

विषय : जॉब कार्डावरील वस्तूंच्या यादीत माझ्या वडिलांची नोंद करून मिळणेबाबत.
संदर्भ : वडिलांनी समक्ष हजर राहण्याविषयीचे आपले दि. १४ चे पत्र.

महोदय,

१. सविनय अर्ज करतो की, दि. ३ रोजी मी माझी गाडी ब्रेकच्या कामासाठी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये दिली. तेथील सुपरवायझर गाडीतल्या वस्तू जॉब कार्डावर उतरवून घेतो. स्टेपनी, जॅक, मॅट, छत्री, चार्जर, टिश्यूचा डबा, पाण्याची बाटली, अशा सात ओळी भरल्या. "आणखी काही?" असे त्याने विचारले. मी "काही नाही" म्हणालो व सही केली. वडील तेव्हा मागच्या सीटवर बसलेले होते. गुडघ्यांमुळे त्यांना उतरवायला दोन माणसे लागत, आणि माझ्या गाडी चालवण्यावरून वाटभर त्यांनी माझे डोके खाल्ले होते. बसू देत तिथेच, तेवढीच शांतता, असे म्हणून मी आत चहा प्यायला गेलो.

२. काचांना काळी फिल्म असल्याने व वडिलांचा डोळा लागल्याने मेकॅनिकला ते दिसले नाहीत. एकाने ब्रेक खोलून ठेवले होते, दुसऱ्याने गाडी रॅम्पवरून मागे घेतली, कारण ब्रेक खोलल्याचेही कार्डावर कोणी लिहिले नव्हते. गाडी खांबावर आदळली. डिकी मागच्या सीटपर्यंत आत आली.

३. यादीबाहेरील ऐवजास आम्ही जबाबदार नाही, असे शोरूमचे म्हणणे आहे. आपल्या सर्वेअरसाहेबांनी "मागील सीट : डाग" एवढीच नोंद केली. सीट नवीन मिळाली, त्याबद्दल आभारी आहे. गाडीत सापडलेली कवळी मात्र "वाहनाचा भाग नाही" असा शेरा मारून परत पाठवली. मग ती काय स्वतः दार उघडून गाडीत बसली होती? कमाल आहे साहेब तुमची!

४. वडील गाडीत होते, हे त्यांनी स्वतः समक्ष येऊन सांगावे, असे आपण कळवले आहे. ते येऊ शकत नाहीत. दि. ९ रोजी ते वारले. हे सांगायला आई आपल्या कार्यालयात आली, तर खिडकीवरच्या बाईंनी तिला वडिलांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणायला सांगितले. तेव्हापासून ती बिचारी कपाटातले कागद उपसत बसली आहे.

५. एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. हॉस्पिटलात नर्सने वडिलांचे घड्याळ, अंगठी, चष्मा लिहून घेतला. तेव्हा कवळीशिवाय, बोबड्या आवाजात ते म्हणाले, "मलाही लिहा बाई. हा विसरतो." नर्स हसली. मीही हसलो.

६. काल गाडी ताब्यात देताना "यादीप्रमाणे सर्व मिळाले" या वाक्याखाली शोरूमने माझी सही मागितली. मी दोनदा मोजून पाहिले. सातही वस्तू जागेवर होत्या. काहीच कमी नव्हते, म्हणून सही करावी लागली.

तरी दाव्याचे आपणांस काय करायचे ते करावे. कार्डावर आठवी ओळ अजून कोरी आहे, तेवढी वडिलांच्या नावे भरून द्यावी, म्हणजे मला ती सही मागे घेता येईल.

आपला नम्र,
(सही)
गाडीचा मालक
दि. २२

सोबत :
१. जॉब कार्डाची प्रत
२. सर्वेअरचा अहवाल
३. कवळी (पाहून झाल्यावर परत मिळावी. आई रोज विचारते.)