बोलका ट्रेनर

१२ जानेवारी. सकाळ ६.१०. बाहेर उणे अकरा.
आजपासून रोज लिहायचं. सवय आहे. वर डोंगरात नदीच्या चौकीवर अकरा वर्षं दिवसातून दोनदा पाण्याची पातळी वहीत लिहिली, एकदाही चुकवली नाही. ऑगस्टमध्ये तिथे यंत्र बसवलं. ते आपला आकडा आपणच राजधानीला, बिश्केकला पाठवतं. मग मलाही बिश्केकला पाठवलं.
आता मी फिटनेस ट्रेनर. तीन महिन्यांचा कोर्स केला. सर्टिफिकेट कालिपा-एजेने, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीने, फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. राहतो तिच्याकडेच. ती म्हणाली, तिकडे दगडांशी बोलायचास, आता माणसांशी बोल. मी दगडांशीही बोलत नव्हतो. पण वाद घातला नाही.
संकल्प: बोलका ट्रेनर व्हायचं. मार्चअखेरपर्यंत.

१३ जानेवारी. उणे नऊ.
पहिला क्लास, सात ते आठ. तळघरातला हॉल, एक भिंत आरशाची. नऊ बायका, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. ‘नमस्कार, मी जिरगाल, तुमचा नवा ट्रेनर’ असं पाठ केलं होतं. ‘नमस्कार’ झालं.
बाकी सगळं करून दाखवलं. शेवटी क्लास संपल्याची खूण म्हणून हात वर केले. त्यांनीही केले. मी काही बोलेना, म्हणून त्या तशाच उभ्या. साधारण मिनिटभर.
एकूण चांगली सुरुवात.

१५ जानेवारी.
जिमची मॅनेजर सल्तनत. वय एकोणतीस, एका वेळी दोन फोनवर बोलते. तिसऱ्या कानाने माझं ऐकते म्हणे, पण मी काही बोललोच नाही. म्हणाली, ३१ मार्चपर्यंत सात वाजताच्या क्लासला पंधरा जण हवेत, नाहीतर हॉल डान्सवाल्यांना देणार. म्हणाली, तुमचं व्यायामाचं ज्ञान उत्तम आहे हो, पण लोकांना वाटतं हॉलमध्ये कोणी वारलंय.
सूचना नोंदवली. काही वाटलं नाही.

१९ जानेवारी. उणे चौदा. धूर इतका की समोरची इमारत दिसत नाही.
पहिल्या रांगेत बुरमाकान-एजे; वयाने मोठी बाई म्हणजे सगळ्यांचीच एजे. वय त्रेसष्ट. एकतीस वर्षं ट्रॉलीबस चालवली, आता पेन्शन. आज स्क्वॉट चालू असताना ओरडल्या, अरे ट्रेनर, किती झाले ते तरी सांग, आम्ही काय रात्रीपर्यंत बसत-उठत राहायचं का? मी बोटं दाखवली. त्या म्हणाल्या, आणि नाव काय तर म्हणे जिरगाल, म्हणजे आनंद! आईने नाव आनंद ठेवलं आणि पोराने तोंड बघा कसं ठेवलंय! सगळ्या हसल्या.
क्लासमध्ये हशा झाला, हे नोंद घेण्यासारखं. वातावरण मोकळं होत आहे.

२३ जानेवारी.
मागच्या कोपऱ्यात ऊलकान-एजे म्हणून एक आहेत. पन्नास-बावन्नच्या. अंगात कोणा पुरुषाचं हिरवं ट्रॅकसूटचं जाकीट, बाह्या तीनदा दुमडलेल्या. कोणाशी बोलत नाहीत. व्यायाम मात्र अचूक. जाताना मान हलवतात, मीही हलवतो. एवढंच.
कोर्सच्या वहीत लिहिलंय की असा सभासद सर्वात आधी गळतो. म्हणजे हे माझं पहिलं आव्हान. त्यांना खुलवायचं.

२९ जानेवारी. उणे सहा.
मी पावणेसातला हॉल उघडतो. आज ऊलकान-एजे तेव्हाच आल्या. चटई पसरून बसल्या. मीही बसलो. पंधरा मिनिटं दोघंही गप्प. वर कोणीतरी बादली ओढत होतं. सात वाजता त्या म्हणाल्या, इथे शांत असतं.
तक्रार लक्षात आली. उद्यापासून म्युझिकचा आवाज वाढवतो.

२ फेब्रुवारी.
वाढवला. ऊलकान-एजे आज सातलाच आल्या. वक्तशीरपणा सुधारला.

५ फेब्रुवारी.
माईक घेतला. डोक्याला लावायचा. स्वतःचा श्वास चारही कोपऱ्यांतून ऐकू आला. पंधरा मिनिटं फक्त श्वास. बुरमाकान-एजे म्हणाल्या, बरं वाटत नसेल तर खाली बस, पोरा.

९ फेब्रुवारी.
घरी आरशासमोर सराव. ‘वा! शाब्बास! अजून एक!’ कालिपा-एजे दार ढकलून आत आली, म्हणाली, कोणाशी बोलतोयस? म्हटलं, सराव. ती दारातच उभी राहिली. मग म्हणाली, हळू कर, भिंतीपलीकडे लहान मूल झोपतं.
जेवताना तिने माझ्या ताटात आपल्याही वाटणीचं मांस वाढलं. कारण कळलं नाही.

१२ फेब्रुवारी.
माईकवर ‘शाब्बास’ म्हटलं. तेव्हा सगळ्या पाणी पीत होत्या.

१६ फेब्रुवारी.
आकडे मोजायचं काम बुरमाकान-एजेंनी आपणहून घेतलं. एक, दोन न म्हणता ट्रॉलीबससारखं मोजतात. अजून तीन स्टॉप! मधे कोणी उतरायचं नाही! मागच्यांनी पुढे सरका! बायका हसून लोळतात, पण उतरत नाहीत.
कोर्समध्ये सांगितलं होतं, चांगला ट्रेनर आपल्या हाताखाली नेतृत्व घडवतो. ते मी पाच आठवड्यांत केलं.

२० फेब्रुवारी. शून्य. बर्फाचा चिखल.
बुरमाकान-एजेंनी डेपोतल्या दोन जुन्या मैत्रिणी आणल्या. अकरा झाल्या. माझी पद्धत लागू पडते आहे.
ऊलकान-एजे अजून खुललेल्या नाहीत. काल त्यांना विचारलं, बरं आहे ना? अख्खं वाक्य, मधे न थांबता. त्या म्हणाल्या, आहे. बुरमाकान-एजेंनी मला बाजूला घेतलं, म्हणाल्या, तिला काही विचारू नकोस हं. मी म्हटलं, का? तेवढ्यात कोणाच्या तरी पायात गोळा आला आणि ते राहून गेलं.

२६ फेब्रुवारी.
योजना ठरली. आठ मार्चच्या महिलादिनाला सुट्टी, म्हणून सात तारखेला क्लासनंतर चहा. सगळ्या घरून काहीबाही आणणार. ट्रेनर पुरुष, म्हणजे फुलं त्याने आणायची आणि शुभेच्छांचं भाषणही त्यानेच करायचं. सल्तनत म्हणाली, चार वाक्यं बोला, कोणी मरत नाही.
चार नाही. प्रत्येकीला नावाने एक वाक्य बोलणार. अकरा वाक्यं. ‘माणसाला त्याच्या घरच्यांविषयी विचारा, तो तुमचा होतो’ हे कोर्सच्या वहीत ठळक अक्षरात आहे. सल्तनतकडून सगळ्यांचे प्रवेशाचे फॉर्म मागून घेतले.

४ मार्च.
भाषण पाठ. अडीच पानं. ऊलकान-एजेंवरचं वाक्य सर्वात चांगलं जमलं. गेल्या वर्षीच्या फॉर्मवर ‘अडचणीत कोणाला कळवावे’ या जागी त्यांनी लिहिलंय: मुलगा, एर्निस. खाली नंबर. अक्षर सुंदर.

७ मार्च. अधिक सहा.
भाषण झालं!! चार मिनिटं, माईकवर, एकदाही न थांबता. ट्युलिप दिले. टेबलावर तळलेल्या कणकेचे बोरसोक, जॅम, मनुका, कोणीतरी लोणचं आणलेलं. बुरमाकान-एजेंना म्हटलं, तुमचा आवाज असाच बुलंद राहो. टाळ्या. मग एकेकीचं. शेवटी ऊलकान-एजे. म्हटलं, ऊलकान-एजे, आज घरी गेल्यावर तुमच्या एर्निसला सांगा, की तुझी आई आता तुलाही पळण्यात हरवेल!
एकदम सगळं शांत. परिणाम झाला. ऊलकान-एजे माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, सांगते. कप खाली ठेवला, चटई गुंडाळली, कोट घातला, गेल्या. फूल राहिलं टेबलावर. भारावल्या असाव्यात.
नंतर कोणी बोरसोक खाल्ले नाहीत. घरी घेऊन आलो.

१० मार्च.
ऊलकान-एजे आल्या नाहीत. बाकीच्या माझ्याकडे न बघता व्यायाम करतात. सुट्टीनंतर असं होतं.

११ मार्च.
बुरमाकान-एजेंनी जिन्यात गाठलं. त्या हळू बोलू शकतात हे मला माहीत नव्हतं. म्हणाल्या, अरे पोरा, काय बोलून बसलास? तिचा एर्निस ऑक्टोबरात गेला. कामावरून येताना, रस्त्यावर. चोवीस वर्षांचा. अंगात घालते ते जाकीट त्याचंच.
मी म्हटलं, पण फॉर्मवर त्याचं नाव आहे.
त्या म्हणाल्या, मग काय करायचं होतं तिने? खोडायचं? स्वतःच्या हाताने?
क्लास घेतला. चाळीस स्क्वॉट ठरवले होते. किती झाले माहीत नाही. मोजणाऱ्या आज मोजत नव्हत्या.

११ मार्च. दुपार.
चूक फॉर्मची आहे. सल्तनतला सांगितलं, फॉर्म दर तीन महिन्यांनी नवा भरून घ्यायला हवा. ती म्हणाली, चांगली कल्पना आहे. मग तिने दोन्ही फोन खाली ठेवले आणि म्हणाली, जिरगाल, तुम्ही ठीक आहात ना? म्हटलं, आहे.

१२ मार्च.
ऊलकान-एजेंना मेसेज करायचा. लिहिला. पुसला. दिवसभर तेच. संध्याकाळी जो गेला तो असा: ‘क्लास सकाळी सात वाजता आहे.’

१३ मार्च.
उत्तर नाही. खरं तर माहिती त्यांच्याकडे होतीच.

१६ मार्च.
माईक लावला नाही. म्युझिकही कमी केलं. बुरमाकान-एजे म्हणाल्या, आता का गप्प बसलास, बोल की काहीतरी. मी बोटं दाखवली. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माईक उचलून स्वतःच्या डोक्याला लावला. माईकची त्यांना मुळीच गरज नाही. वरच्या मजल्यावरचे लोक खाली बघायला आले. त्यातल्या एकीने क्लासला नाव नोंदवलं.

१८ मार्च. सकाळ ८.४०.
ऊलकान-एजेंचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो.
‘जिरगाल, तुमच्यावर राग नाही. तुम्हाला माहीत नव्हतं. घरी येणारा प्रत्येक जण बोलतो, समजूत घालतो. तुमच्याकडे कोणी काही बोलत नव्हतं म्हणून मी येत होते. आता पोहायला जाते. तिथे डोकं पाण्याखाली असतं. तब्येत सांभाळा.’

१८ मार्च. दुपार.
नऊ वेळा वाचला. पोहणं सांध्यांना चांगलं. त्यांच्या वयाला योग्य निर्णय.

१९ मार्च.
काल जेवलो नाही हे आज कालिपा-एजेने सांगितलं तेव्हा कळलं.

२१ मार्च. नूरूझ, नव्या वर्षाचा सण.
घरात तेवीस माणसं. सगळे एकमेकांना आशीर्वाद देतात. माझी पाळी आली. सगळे कप हातात धरून थांबले. मी म्हटलं, हो. कालिपा-एजे लगेच म्हणाली, बरोबर बोलला, हो म्हणजे होवो, सगळ्यांचं चांगलं होवो! सगळे प्यायले. नंतर स्वयंपाकघरात ताटं विसळताना ती म्हणाली, तुला परत वर जायचंय का? म्हटलं, तिथे यंत्र आहे. ती म्हणाली, यंत्राला सोबत नको का? मी तिच्याकडे पाहिलं. ती रडत होती. मी ताटं पुसली.

२७ मार्च.
चौदा जणी. बुरमाकान-एजे क्लास संपल्यावर मागे थांबल्या. म्हणाल्या, सल्तनत मला काहीतरी विचारतेय. तुला वाईट वाटणार असेल तर नाही म्हणते. मी नुसती ओरडते रे, व्यायाम सगळा तुझाच आहे. मी म्हटलं, तुम्ही हो म्हणा. त्या म्हणाल्या, विचार करून सांग. म्हटलं, केला.
विचार केला नव्हता. पण उत्तर तेच आलं असतं.

३१ मार्च.
सोळा. पंधराचं लक्ष्य होतं. मुदतीच्या दिवशी, एक वर. सल्तनतने हातात हात घेऊन हलवला. म्हणाली, क्लास वाचला.
संकल्प पूर्ण झाला असं इथे नोंदवतो.

१ एप्रिल. अधिक पंधरा.
नवं वेळापत्रक दारावर लागलं. सात वाजता, बुरमाकान-एजेंचा फोटो, तोंड उघडं. माझं नाव खाली बारीक अक्षरात, हॉल सहायक. काम असं: कुलूप उघडणं, चटया, म्युझिकचं बटण. आजची तारीख बघून क्षणभर वाटलं, चेष्टा असेल. नव्हती.
कालिपा-एजेला सांगितलं. म्हणाली, पगार देतात ना, मग झालं तर. सर्टिफिकेट टीव्हीवरून काढलं नाही.

३ एप्रिल. सकाळ ९.००.
चटया अंथरून झाल्यावर उभं राहून काय करायचं, म्हणून मधल्या रांगेत रिकाम्या चटईवर व्यायाम केला. बुरमाकान-एजे ओरडत होत्या, मी बसत-उठत होतो. बाजूला निळ्या टी-शर्टातली एक नवीन बाई. संपल्यावर टॉवेलने मान पुसत मला म्हणाली, पहिला दिवस का?
मी चटई गुंडाळायला घेतली.
ती म्हणाली, माझा परवा पहिला होता. पाय असे लटपटत होते, जिना चढवेना. घाबरू नका हो, इथे कोणी कोणाला हसत नाही. आणि तुमचं तर बरंच जमतंय.
मी मान हलवली. बरं वाटलं.