मोजून सोळा

शिळफाटा, खोपोली
बुधवार

प्रिय माधवी,

दिवाळीत मी साईराजच्या मागणीला नाही म्हटलं, तेव्हापासून तू फोनवर आईशी बोलतेस आणि मी जवळ आलो की तुझी रेंज जाते. पुण्यात रेंजचा एवढा दुष्काळ असेल असं वाटत नाही. असो. राग धरण्यात तू माझ्यावरच गेली आहेस, म्हणून पत्र लिहितोय.

मला संशयी म्हणतात, म्हणू देत. चाळीस वर्षं या दुकानात जळलेले ॲम्प उघडतोय. आणणारा प्रत्येक जण सांगतो, काय केलं नाय, आपोआप गेला. आपोआप काहीच जात नाही. साईराज पहिल्यांदा आला आणि चहा नको म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्यांदा दुकानात आला, तेव्हा मी त्याला मीटरवरचा आकडा वाचायला सांगितला. आकडा त्याने चटकन सांगितला, पण मग मीटर सोडून माझ्याकडेच बघत राहिला. ते बघणं मला आवडलं नाही. तुझ्या आईला मात्र त्याचं भारी कौतुक. लिफ्ट दुरुस्त करतो, भिसेगावात घर आहे, तोंडात शिवी नाही. मी म्हटलं, फार गप्प माणूस काहीतरी लपवत असतो. तर म्हणाली, “आवं, बोलला तरी संशय, नाय बोलला तरी संशय. पोरानं करावं तरी काय?”

तुझ्या गिटारसाठीचा स्पीकर-बॉक्स मी दसऱ्याला पुरा केला. त्या दिवशी सकाळी मीटरला आणि सोल्डरिंग गनला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि मगच कामाला हात लावला. आत दोन स्पीकर, आठ-आठ ओहमचे. तुझ्या ॲम्पच्या पाठीवर छापलंय, कमीत कमी आठ. स्पीकर एकामागोमाग जोडले तर सोळा होतात. आवाज जरा दबतो, पण ॲम्प सुखात राहतो. शेजारी-शेजारी जोडले तर चारच उरतात. आवाज दणकतो आणि ॲम्प तापून जातो. हे तू शाळेत असल्यापासून ऐकत आली आहेस. म्हणून आपल्या दुकानाची रीत अशी, की बॉक्स बंद करण्याआधी मोजायचं आणि आत चिठ्ठी चिकटवायची. मी लिहिलं, ‘दोन आठचे, एकामागोमाग, मोजून सोळा. भिवाजी.’ मागची फळी आठ स्क्रूंनी बसवली आणि प्रत्येक स्क्रूची खाच उभी ठेवली. कुणी उघडलं तर मला कळतं.

भिसेगावातल्या तुझ्या कोजागिरीच्या कार्यक्रमासाठी साईराज तो बॉक्स टेंपोत घालून घेऊन गेला. कार्यक्रम झकास झाला, मी पहिल्या रांगेत होतो. नंतर चाकं लावायला बॉक्स दुकानात आला. मी फळीवरून नख फिरवलं. सहा खाचा उभ्या, दोन तिरक्या.

कुणाला काही बोललो नाही, कारण विचारलं की चोर सावध होतो. स्पीकर बदलले असतील का, माझं काम उतरवून घेतलं असेल का, असं आठ-दहा दिवस डोक्यात घोळवलं. दिवाळीत त्याच्या घरचे मागणी घालायला आले आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, माझी बंद केलेली वस्तू जो न विचारता उघडतो, त्याच्या घरात मुलगी देणार नाही. तो मान खाली घालून एवढंच म्हणाला, “हो, मी उघडला व्हता.” का उघडला, ते सांगितलं नाही. तू विचारलंस, तर तुलाही नाही. मला वाटलं, झालं, कबूल झाला.

आता एक गोष्ट, जी आईला तुझ्यापासून लपवायला लावली. गेल्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दोन वर्षं नीट दिसत नव्हतं. सांगितलं असतं तर तुम्ही दुकान बंद करायला लावलं असतं, ही भीती. मीटरचा आकडा मी गिऱ्हाइकालाच वाचायला लावायचो. तुमच्यासमोर मोजलं, असा वर रुबाब. दसऱ्याला दुकानात वाचायला कुणीच नव्हतं.

काल, नव्या डोळ्याने, पुरावा काढावा म्हणून बॉक्स उघडला. स्पीकर तेच. सोल्डरचे दोन जोड मात्र चकचकीत, डाळीएवढे. माझे नव्हेत. त्यांच्या शेजारी माझे जुने गोळे आणि कापलेल्या तारांची टोकं. मी जोडलं होतं ते लाल-लाल एकत्र, काळी-काळी एकत्र. म्हणजे शेजारी-शेजारी. म्हणजे चार. गणपती मंडळांचे दणकट ॲम्प चार झेलतात, त्यांचे बॉक्स जन्मभर तसेच जोडले, हात सवयीने त्याच वाटेने गेला. कोजागिरीला पहिल्या गाण्यातच तुझा ॲम्प गेला असता, आणि सगळ्या भिसेगावाला कळलं असतं की भिवाजीला आता दिसत नाही. मीटर सोडून माझ्याकडे बघत होता, तेव्हाच त्या पोराने माझी नजर ओळखली होती. त्याने मोजलं, उघडलं, नीट केलं आणि माझ्या चिठ्ठीला हातही लावला नाही. मी ‘मोजून’ लिहिलं होतं, पण मोजलंच नव्हतं. माधवी, मला फार लाज वाटते गं.

रविवारी मी भिसेगावला जाणार आहे. ज्यांच्यासमोर त्याला बोललो, त्यांच्यासमोरच हे सगळं सांगणार आहे. आधी तुला कळावं म्हणून हे पत्र. तूही ये. एवढं पोटात ठेवणारा माणूस संसारात आणखी काय काय ठेवेल, हा संशय मला अजून आहेच. ते तू तुझं मोजून घे. माझ्याकडून होकार आहे. परतताना त्याला दुकानात घेऊन ये. जुनी चिठ्ठी मी खरवडून काढली. नवी लावली आहे, ‘मोजून सोळा’, पण खाली नाव घातलं नाही. ज्याने मोजलं, त्याने घालावं. फळी उघडी आहे आणि आठही स्क्रू वाटीत काढून ठेवलेत.

तुझाच,
अण्णा