चंद्री थांबली होती

प्रिय भुवी,

श्रीदेवी माहेरी आलीय, तिच्या हाती हे पत्र देतोय. सासरी तुझी शेजारीण असूनही ती तुझी खुशाली सांगताना माझ्याकडं बघत नव्हती. फोनवर तुझ्याजवळ कायम कुणीतरी बसलेलं असतं. मी विचारतो, बरी आहेस का. तू म्हणतेस, बरी आहे अप्पा. आणि आपलं बोलणं संपतं. म्हणून बऱ्याच वर्षांनी पेन धरलं. कंबर धरलीय, एका जागी फार वेळ बसवत नाही, ओळी वरखाली गेल्या तर सांभाळून घे.

बातमी आपल्या चंद्री घोडीची आहे. गेल्या सोमवारी मुरुमजवळच्या एका वाडीवर लग्नाचा परण्या होता. नवरदेव घोडीवर, पुढं वाजंत्री, मी लगाम धरून, मारुतीच्या देवळाकडं निघालो. वेशीजवळच्या नालीपाशी चंद्री थांबली. बारा वर्षांत ती अशी कधी अडली नव्हती. कानाशी फटाके वाजले तरी माझा हात मानेवर असला की ती नुसते कान हलवायची. तू शाळेत असताना लगाम न धरता तिच्यावर बसायचीस, तेव्हा तुझी अव्वा घाबरून दारात यायची, आणि चंद्री मात्र अंड्यांवरून चालल्यासारखी चालायची.

मी जिभेनं टकटक केली. ती पाऊल उचलून मागं सरली. परत टकटक केली, परत मागं. वऱ्हाडातलं कुणीतरी म्हणालं, "वीरप्पा, घोडी म्हातारी झाली की व्हो, बदला आता." लोक हसले. मला लाज वाटली. मी लगाम ओढून चल म्हणालो, तशी ती निघाली. नालीवरची फरशी एका अंगाला सरकली होती. तिचा पाय सरळ नालीत गेला. गुडघ्यावर आली, पण अंग तिरकं होऊ दिलं नाही. नवरदेवाला खरचटलंसुद्धा नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे बघितले. दोन्ही गेलेत, म्हणाले, सहा महिने तरी झाले असतील. तुम्हाला कळलं कसं नाही, असंही विचारलं. रोज खरारा करणारा मीच. ती माझ्या आवाजावर चालत होती, आणि मी समजत होतो तिला दिसतंय. फार थकवा आला, भुवी. घरी येऊन तिच्या शेजारी बसून राहिलो.

अव्वा तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही. परवा चंद्रीच्या गुडघ्याला हळद लावताना एवढंच म्हणाली, "मुक्या जनावरानं थांबून सांगितलं, तुमाला कळलं न्हाय. पोरीनं तर तोंडानं सांगितलं होतं." ती खरं तेच बोलत होती.

पंचमीला आलीस तेव्हा तू सासरचं सगळं सांगितलंस, आणि मी म्हणालो, होईल हळूहळू नीट. दिवाळीला आलीस तेव्हा मनगट पदराखाली झाकलं होतंस. मी ते पाहिलं होतं. तरी चार लोक काय म्हणतील म्हणून मीच तुला परंड्याच्या गाडीत बसवलं. पायरीवर तू थांबलीस, माझ्याकडं बघितलंस. मी चल म्हणालो आणि तू चढलीस. पोर समजूतदार आहे, असं मी घरी येऊन अव्वाला सांगितलं. त्याची मला शरम वाटते.

येत्या गुरुवारी मी परंड्याला येतोय. तुझे कागद आणि दोन साड्या पिशवीत भरून ठेव. तुझ्या सासऱ्यांशी काय बोलायचं ते मी बोलेन. तुला यायचं नसेल तर तसंही सांग, या वेळी ऐकून घेईन. चंद्रीला आता कुठं नेत नाही. मी जवळ गेलो की ती अजून मान पुढं करते, आणि मला ते बघवत नाही. तुला मात्र पुन्हा चल म्हणणार नाही. तू पुढं निघ, मी पिशवी घेऊन मागून येईन.

तुझाच,
अप्पा