सिग्नेच्या गाडीची नवी टाकी

लुइसटाऊन, माँटाना
४ ऑक्टोबर

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आशीर्वाद.

तू गेल्यापासून अंगण एकदम मोठं दिसायला लागलंय. महिनाभर तुझी ती गाडी दारात उभी होती, तेव्हा मी कुरकुर करायचो. आता तेलाचा डाग तेवढा राहिलाय, आणि तो धुवावासा वाटत नाही. चर्चमध्ये सगळे तुझी चौकशी करतात. नवरा गेल्यावर घर विकून गाडीत राहायला निघालेली बाई त्यांनी अजून पाहिलेली नाही. मी सांगतो की हिवाळाभर ती ॲरिझोनात ऊन खाणार आहे आणि आपण इथे बर्फ उपसणार आहोत. तेव्हा वेडं कोण ते तुम्हीच ठरवा.

शेगडीसाठी गाडीखाली बसवलेल्या गॅसच्या टाकीची काळजी करू नकोस. नवी टाकी कारखान्यातून येते तेव्हा तिच्यात नुसती हवा आणि ओल असते. पहिल्यांदा भरण्याआधी थोडा गॅस आत सोडायचा, हवेसकट बाहेर काढायचा, पुन्हा सोडायचा, पुन्हा काढायचा. असं करत करत आतली सगळी हवा हुसकून लावावी लागते. तसं न करता भरली तर ती हवा आत कोंडते, दाब वाढतो, आणि उन्हात सुरक्षा झडप उडते. ते सगळं मी करून ठेवलंय. भरणाऱ्यानं विचारलं तर ऑर्विलनं केलंय म्हणून सांग. आपल्या भागात तरी त्यापुढे कुणी काही विचारत नाही. शेजारच्या डेल्बर्टनंही मुलाच्या गाडीला अशीच टाकी बसवून मागितलीय. ती आली की तिचंही काम मीच करणार आहे.

फोन करू नकोस. मला ऐकू येत नाही, तू ओरडतेस, आणि मग दोघंही चिडतो. पत्र लिहीत जा.

तुझ्या गाडीत जागा कमी, तरी माझ्यापुरता लोभ कुठेतरी कोंबून ठेव.

तुझा
ऑर्विल


सॉल्ट वेल्सच्या पुढचा तळ, ॲरिझोना
१३ ऑक्टोबर

ती. ऑर्विल यास,
सा. न. वि. वि.

पोचले. ऊन तुझ्या कल्पनेपेक्षा जास्त आहे, आणि शेजारी म्हणजे माझ्यासारख्याच पिकल्या केसांच्या माणसांच्या गाड्या. रोज कुणीतरी कॉफीला बोलावतं. पण आधी तुला एक प्रकार सांगायचाय, कारण त्यात तुझी अब्रू मी राखलीय.

सॉल्ट वेल्स हे रस्त्यावरचं लहानसं गाव. तिथल्या गॅसच्या पंपाला लागूनच खानावळ आहे. भर दुपारी मी तिथे टाकी भरायला थांबले. गॅस भरायला रोनेल नावाची चाळिशीची बाई होती. टाकी नवी दिसतेय, आतली हवा काढलीय का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावानं काढलीय आणि तो जन्मभर हेच काम करत आलाय. ती बरं म्हणाली. नळी लावायच्या जागेवर एक लाल प्लास्टिकचं बूच होतं, तेसुद्धा तिला निघेना. पेचकस घालून उचकटलं तेव्हा कुठे निघालं. मला तिथेच तिच्या हाताचा अंदाज आला होता.

टाकी भरत आली आणि गाडीखालून असा आवाज सुटला की मी खाली बसले. पांढरे लोट आले. खानावळीतली माणसं ताटं सोडून रस्त्यापलीकडे पळाली. अग्निशमनची गाडी आली. नशिबानं ठिणगी कुठे पडली नाही. रोनेल मला म्हणायला लागली की आत हवाच राहिली असणार. तिनं हे म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. सगळ्या गावासमोर मी तिला म्हटलं की स्वतः टाकी जास्त भरलीस आणि माझ्या भावावर ढकलतेस, नळी हातात धरायची तुझी लायकी नाही, चादरी धुवायला जा. पंपाच्या मालकालाही मी तेच सांगितलं. त्यानं तिला तिथल्या तिथे हातमोजे काढून ठेवायला लावले.

तुला बरं वाटेल म्हणून सविस्तर लिहिलं. थंडीत कान झाकून जात जा.

भावाचा लोभ इतक्या लांबवरही पुरतो, तो असाच पुरू दे.

तुझी
सिग्ने


लुइसटाऊन
१९ ऑक्टोबर

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुला काही झालं नाही, हे पहिलं. त्या बाईला बोललीस ते ठीकच केलंस म्हणायचं. जास्त भरलं तर असं होतं.

तरी एक विचारतो. ते लाल बूच. ते कारखान्यातून लावून येतं. हवा काढायची तर आधी ते काढावं लागतं, आणि काम झालं की मी तिथे पितळी टोपण बसवतो. तू पाहिलंस ते लालच होतं का? प्लास्टिकचंच होतं का? नीट आठवून लिही. तोवर शेगडी पेटवू नकोस.

इथे पहिला बर्फ पडून गेला. बाकी काही नाही.

लोभ आहे तिथेच आहे.

ऑर्विल


सॉल्ट वेल्सच्या पुढचा तळ
२५ ऑक्टोबर

ती. ऑर्विल यास,
सा. न. वि. वि.

बुचाचं काय घेऊन बसलास? त्या गडबडीत रंग कोण बघतो. पितळी असेल. मी लाल लिहिलं ते चुकून. उन्हात सगळंच लाल दिसतं इथे. तू काम केलंयस ते मला माहीत आहे. शेगडी मी तशीही पेटवत नाही, थंडच खाते. तब्येत बरी आहे.

डेल्बर्टला नमस्कार सांग. त्याच्या टाकीची घाई करू नकोस.

लोभ ठेव.

सिग्ने


लुइसटाऊन
३१ ऑक्टोबर

चि. सिग्ने हिस,
आशीर्वाद.

लहानपणापासून खोटं बोलताना तुझी वाक्यं आखूड होतात. आईलाही ते कळायचं.

तुझं पत्र यायच्या आधीच मी गॅरेजात जाऊन आलो होतो. पितळी टोपण कामाच्या टेबलावर आहे. नवं कोरं, तुझ्या टाकीसाठी आणलेलं. त्या दिवशी मी गाडीखाली शिरणार तेवढ्यात डेल्बर्ट हरणाचं मांस घेऊन आला, ते शीतपेटीत ठेवायला मी घरात गेलो, मग कॉफी झाली, आणि मग मी हात धुतले. काम संपल्यावर धुतात तसे. तुझ्या टाकीतली हवा काढल्याचं मला आजही स्वच्छ आठवतं, सिग्ने. झडपेचा फुसकारा आठवतो, हाताला लागलेला गारवा आठवतो. पण ती टाकी तुझी नव्हती. जन्मभरात इतक्या केल्या, त्यांतली कुठलीतरी होती.

हे एकदाच झालेलं नाही. शेगडीवर किटली ठेवून मी ती जाळलीय. चर्चहून येताना एकदा मी जुन्या घराकडे वळलो, जे पाडून आता वर्षं झाली. कुणाला बोललो नाही. म्हटलं, वय झालं की होतं. पण तू त्या गाडीत झोपतेस आणि मी तुला निर्धास्त राहा म्हणून लिहिलं, याची मला इतकी लाज वाटते की दोन दिवस मी दार उघडलं नाही.

आणि ती रोनेल. तिनं विचारलं होतं, तिनं बरोबर विचारलं होतं. माझ्या नावामुळे तिचं काम गेलं. तू परत जा आणि मालकाला सांग. माझं नाव घेऊन सांग. तुला हे उघड करायचं नाही ते मला ठाऊक आहे. मीच येऊन सांगायला हवं, पण खरं सांगतो, एवढ्या लांब एकट्यानं प्रवास करायची आता मला भीती वाटते.

लोभ मागायला या वेळी मला तोंड नाही.

ऑर्विल


सॉल्ट वेल्स
१० नोव्हेंबर

ती. ऑर्विल यास,
सा. न. वि. वि.

आधी माझं ऐक, मग स्वतःला दोष दे. लाल बूच उचकटताना पाहिलं तेव्हा मला काही कळत नव्हतं. पण तिनं हवा राहिली म्हटल्याबरोबर तुझी जळकी किटली माझ्या डोळ्यांपुढे आली. कचऱ्यात दडवलीस ती मी पाहिली होती. मला तेव्हाच शंका आली होती, ऑर्विल. म्हणूनच मी एवढी ओरडले. तू चुकलास यापेक्षा ती चुकली हे मला सोसण्यासारखं होतं. तुझं विसरणं साधं आहे. मी केलं ते तसं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी इथे आले आणि पंपासमोरून तशीच पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्यांदा उतरले. रोनेल आता गावातल्या मोटेलात कपडे धुते. चादरी धुवायला जा, असं मी म्हटलं होतं, आणि ती खरोखर चादरींच्या ढिगात उभी होती. मला बघून ती घडी घालतच राहिली. मी माफी मागितली. ती म्हणाली की मशिनांपुढे मागितलेल्या माफीचा तिला उपयोग नाही. काम गेल्याचं तिला तेवढं वाईट वाटत नाही. ज्यांच्यासोबत ती शाळेत गेली ती माणसं आता तिच्या हातून धड काही होईल असं मानत नाहीत. बोलायचं तर जिथे बोललीस तिथे बोल, म्हणाली.

म्हणून दुपारी मी खानावळीत उभी राहिले. सगळी टेबलं भरलेली होती. सुरुवातीला मी म्हटलं की चूक माझी होती, मी ऐकून घेतलं नाही. दाराशी उभी असलेली रोनेल तिथूनच म्हणाली की हे अर्धं झालं, टाकीचं काय ते सांग. तेव्हा तुझं नाव घेतलं. माझा भाऊ ऑर्विल विसरला, टाकीतली हवा काढलेली नव्हती, या बाईनं रीतसर विचारलं आणि मी हो म्हटलं. मग पंपाचा मालक उठला आणि रोनेलला म्हणाला की हातमोजे जागेवरच आहेत. तिनं त्याला विचार करून सांगते म्हटलं. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

पण संध्याकाळी ती पंपावर आली. टाकी रिकामी केली, हवा काढली, पुन्हा भरली. मी आभार मानले तर म्हणाली, हे गाडीसाठी केलं, तुझ्यासाठी नाही. मला ते योग्यच वाटलं.

आता तुझं. डॉक्टरकडे जा. आणि डेल्बर्टच्या टाकीला हात लावू नकोस, त्याला काहीतरी सबब सांग. वसंतात मी परत येईन ती तुझ्या दारातच गाडी लावेन, कुरकुर चालेल.

लोभ आपण मागून मागून घेत होतो. आता न मागता राहू दे.

तुझी
सिग्ने


लुइसटाऊन
१८ नोव्हेंबर

चि. सिग्ने हिस,
अ. उ. आशीर्वाद.

खानावळीचा मजकूर मी वाचला, मग पत्र उलटं ठेवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचला. तू केलंस ते मला उभं राहून करवलं नसतं.

डेल्बर्टची टाकी त्याच दिवशी आली. सबब शोधत होतो, कंबर दुखते म्हणणार होतो. तो हातात टाकी घेऊन फाटकात उभा, इतका खूश, आणि माझ्या तोंडून सगळं खरं निघून गेलं. तुझ्या टाकीचं, किटलीचं, जुन्या घराकडे वळल्याचं. त्यानं टाकी खाली ठेवली. मग मला ऐकू यावं म्हणून कानाशी येऊन म्हणाला की सोमवारी डॉक्टरकडे तो नेईल. टाकी मात्र दुसऱ्या कुणाकडे द्यायला तो तयार नाही. मी हात चालवायचे, आणि तो बाजूला उभा राहून काय झालं, काय राहिलं ते मोठ्यानं बोलणार.

तसंच केलं. त्याच्या मुलाच्या गाडीला टाकी बसवली, मग मी गाडीखाली, तो बाहेर गुडघ्यांवर. बूच काढलं का रे ऑर्विल, असं त्यानं इतक्या जोरात विचारलं की पलीकडच्या बायका दारात आल्या. प्रत्येक वेळी मी आतून ओरडून उत्तर दिलं. झडप उघडली का, बंद केली का, पुन्हा केलंस का. हवा पुरती निघेपर्यंत आमचं हे चाललं होतं, आणि मला आता शेजारी उभं राहणारं माणूस लागतं, हे सगळ्या गल्लीला कळलं. मी बाहेर आलो तेव्हा कुणाकडे बघवत नव्हतं. डेल्बर्टनं पितळी टोपण माझ्या हातात दिलं आणि मी पुन्हा खाली शिरून ते बसवेपर्यंत तिथेच थांबला.

तुझा
ऑर्विल