आपोआप बसणारे कण

ता. ३ मार्च
चि. धाकटीस, ताईचा आशीर्वाद.
वि. वि. गुडघा सोडून बाकी मी ठीक. मी झाडते त्या प्रयोगशाळेत साहेबांनी असे बारीक कण केलेत, की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. ते पाण्यात घालून काचेवर थेंब ठेवतात. थेंब सुकताना कण म्हणे आपोआप रांगेत बसतात आणि मोरपंखी रंग चमकतो. पण साहेबांना दम कुठला? दर पाच मिनिटांनी झाकण उचलून बघतात. थेंब भराभर सुकतो आणि कपाखाली राहतो तसा डाग उरतो. मला बघवेना. एकदा घरी जाताना मी त्यावर वाटी पालथी घातली, आत ओलं फडकं. सकाळी मोरपंखी! साहेब नाचले. तेव्हापासून रोज घालते, सकाळी लवकर येऊन काढते. बाराला, गुरुवारी, पैसे देणारे पाहुणे येणार. रंग दिसला तर प्रयोगशाळा आणखी तीन वर्षं, नाहीतर टाळं, आणि मी घरी.
माया ठेव, उपदेश नको.
तुझी ताई

ता. ८ मार्च
ती. ताईस, धाकटीचा सा. न.
उपदेश करणारच. साहेबांना वाटीचं सांगून टाक. आमच्या ह्यांनाही वाटतं, टॉवेल आपोआप घडी होऊन कपाटात जातात. मी चार दिवस तापानं पडले, तर विचारतात कसे, कपाटाला काय झालंय? गुडघा शेकत जा. रागावलीस तरी पत्र धाड.
तुझी धाकटी

ता. १४ मार्च
चि. धाकटीस, आशीर्वाद.
तुझं पत्र बुधवारी आलं. सांगायला गेले तर साहेब निघून गेलेले, खोलीला कुलूप. कुणाचा हात लागला असं पाहुण्यांना वाटू नये, म्हणून मलाही बंदी. गुरुवारी साहेबांनी भाषण ठोकलं, की हे कण स्वतःच शिस्तीत बसतात, आणि झाकण उचललं. काचेवर डाग. साहेबांचा चेहरा असा पडला की मलाच कसंतरी झालं. मी दारात केरसुणी घेऊन उभी होते. सगळं सांगून टाकलं. साहेब म्हणाले, ही झाडायला येते. पाहुण्यांतल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, करून दाखवू दे. वाटी घातली, साहेबांना बाहेर काढलं. शुक्रवारी सकाळी मोरपंखी. तीन वर्षं मिळाली.
आता खोलीची किल्ली माझ्याकडे. साहेब दार वाजवतात, मी नाही म्हणते. अहवालात त्या फडक्याला 'नियंत्रित आर्द्रता प्रणाली' असं नाव पडलंय. तुझ्या जुन्या गाऊनचा तुकडा आहे, हे अजून कुणाला बोलले नाही. फाटत आलाय. दुसरा असला तर धाड, आणि जीव लावतेस तसा लावत राहा.
तुझी ताई